बिया भाजायचे दिवस

लाल भोपळ्याची भाजी मला आवडत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी पानात ती पडली की मी फोडी ताटाच्या कडेला सरकवतो आणि बायको त्या पुन्हा मध्ये आणून ठेवते. आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य त्या भाजीपुरतंच आहे, हे माझं नशीब. पण त्याच भोपळ्याच्या पोटातल्या बियांचे माझ्यावर उपकार आहेत. कुणाचे उपकार चटकन कबूल करणाऱ्यांतला मी नाही, म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतोय.

मी अंबडच्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर होतो. लोखंडाचे भाग तापवायचे, तेलात विझवायचे, मग बेताच्या आचेवर पुन्हा ठेवून त्यांचा ठिसूळपणा काढायचा. उमेदीची सगळी वर्षं त्या भट्टीसमोर गेली. काही वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात, मालकांनी कारखाना दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरवलं. तरुण पोरांना बरोबर येता का म्हणून विचारलं आणि आम्हा पन्नाशी ओलांडलेल्यांना नारळ दिला. निरोपाच्या कार्यक्रमात शालीबरोबर खरोखरचा नारळही दिला. तो मी रिक्षातच विसरून आलो, म्हणजे विसरलो असं घरी सांगितलं.

पुढे मला काम मिळालं. अंबडमध्येच एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी आता अर्धा दिवस जातो, पगार बेताचा आहे आणि माणसं बरी आहेत. पण मधले ते महिने वाईट गेले. आमचा फ्लॅट पाथर्डी फाट्याजवळच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. बायको एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला, ती सकाळीच स्कूटर काढून जायची. मुलगी शिकायला पुण्याला. मी आतून कडी लावून बसायचो. टीव्हीचा आवाज बंद ठेवून बातम्या बघायचो, म्हणजे नुसती माणसांची तोंडं हलताना बघायचो. जिन्यात पावलं वाजली की हलायचोसुद्धा नाही. भर दुपारी घरात बसलेला पुरुष म्हणजे एकतर आजारी किंवा बिनकामाचा, आणि मी आजारी नव्हतो.

‘माझी नोकरी गेली’ हे वाक्य माझ्या तोंडून निघतच नव्हतं. बायकोलाही मी ‘कारखाना हलतोय’ एवढंच म्हणालो होतो, पुढचं तिनं समजून घेतलं. मुलीचा रोज संध्याकाळी फोन यायचा. तिला मी कॅन्टीनमध्ये आज काय होतं ते सांगायचो. एकदा मी तिला मिसळीचं वर्णन करून फोन ठेवला, तेव्हा बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ती म्हणाली, “दिवाळीला पोरगी घरी येणार. तोवर तिला तुम्ही सांगा. मी खोटं बोलणार नाही, आणि तुम्ही असे गप्प बसता त्याची मला भीती वाटते.” आमच्यात मोठ्यानं बोलायची पद्धत नाही. त्यामुळे ते फार लागलं, आणि तरीही दुसऱ्या संध्याकाळी मी पोरीला कॅन्टीनचंच सांगितलं.

पितृपक्ष सुरू झाला आणि एके दिवशी सकाळी बेल वाजली. मी उघडणार नव्हतो. पण बेल पुन्हा वाजली, मग कडी वाजली, मग “भाऊ, उघडा, हात भरून आलेत” असं ऐकू आलं. दारात तळमजल्यावरच्या मावशी उभ्या होत्या. सत्तरीच्या, मूळच्या कळवणकडच्या, मुलाकडे राहणाऱ्या. कडेवर मूल घ्यावं तसा त्यांनी एक भलामोठा लाल भोपळा घेतला होता. गावाहून आलाय म्हणाल्या, श्राद्धाच्या स्वयंपाकाला लागतो, तेवढी पहिली सुरी लावून द्या.

आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला बाईमाणसानं पहिली सुरी लावायची नाही असा रिवाज आहे. का, ते विचारलं तर प्रत्येकजण वेगळं कारण सांगतो आणि खरं कुणालाच ठाऊक नसतं. पुरुषानं एकदा त्याचे दोन भाग केले की मग बायकांनी हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. मी नाइलाजानं सुरी आणली. भोपळा लेकाचा दगडासारखा होता, सुरी रुतून बसली, शेवटी वरवंट्यानं ठोकून ठोकून तो उघडला. मावशींनी दोन्ही भाग तपासून पाहिले. मग आतला तो दोऱ्यांचा आणि बियांचा गुंता हातानं ओढून माझ्या ताटलीत टाकला. आपल्याला आता दात नाहीत, तुम्हीच भाजून खा, असं सांगून त्या भोपळा घेऊन गेल्या.

मी ते सगळं कचऱ्यात टाकणार होतो. मग म्हटलं, दिवस तर काढायचाच आहे. बिया धुवायला घेतल्या तर त्या बोटांतून माशासारख्या निसटत होत्या. तशाच ओल्या कढईत टाकल्या आणि गॅस मोठा केला. चुलीशी इतकी वर्षं माझा संबंध चहापुरता. थोड्या वेळानं बिया उडायला लागल्या. एक चष्म्यावर बसली, दोन पंख्यापर्यंत गेल्या. खाऊन पाहिल्या तर बाहेरून करपलेल्या आणि आतून कच्च्या. असा माल भट्टीतून निघाला असता तर मी पोरांना फैलावर घेतलं असतं.

तेव्हा माझ्यातला भट्टीवाला जागा झाला. ओला माल आणि मोठी आच, मग दुसरं काय होणार? दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी त्यांचा भोपळा घेऊन आल्या, मावशींनीच पाठवलं म्हणाल्या. त्यांच्या बिया मी चाळणीत घेऊन नळाखाली चोळल्या, बुळबुळीतपणा पार जाईपर्यंत. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या. सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यावर पसरून गच्चीवर नेल्या. पितृपक्षातलं ऊन लबाड, आता आहे म्हणेपर्यंत शिंतोडे येतात, त्यामुळे तिथेच राखण करत बसावं लागलं. दुपारनंतर लोखंडी कढई, मंद आच आणि उलथन्यानं सारखं हलवणं. आधी बिया जड आवाज करतात, मग हळूहळू खुळखुळायला लागतात, मग त्यांची पोटं फुगतात. रंगाचं मला कुणी शिकवायला नको होतं. लोखंडाचा ठिसूळपणा काढताना त्यावर एक गव्हाळ छटा येते, तीच इथेही येते आणि तीच वेळ गॅस बंद करायची असते. वरून अर्धा चमचा तूप, सैंधव, तिखट. गार झाल्याशिवाय डब्यात भरायच्या नाहीत, नाहीतर सादळतात. संध्याकाळी बायकोनं एक बी तोंडात टाकली, टरफलासकट कुरकुरीत चावली आणि दुसरी घेतली. मग वाटीच आपल्याकडे ओढून बसली.

त्यानंतर रांगच लागली म्हणा. पितृपक्षात घरोघरी भोपळा लागतोच, आणि नवरात्रात उपासाला चालतो म्हणून पुन्हा येतो. कुणी अख्खा भोपळा घेऊन यायचं, कुणी नुसता बियांचा गुंता पिशवीत बांधून दाराला अडकवून जायचं. मी काय इथे गिरणी उघडलीय का, म्हणून मी बायकोपाशी कुरकुर करायचो आणि ती म्हणायची, गिरणीवाला निदान दळणाचे पैसे तरी घेतो. ती हसली ते बऱ्याच दिवसांनी. ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं तशा बिया एका दिवसात खडखडीत वाळू लागल्या. गच्चीवर कपडे वाळत घालायला येणाऱ्या वहिनींशी चार शब्द व्हायचे. शाळेतून आलेली पोरं जिन्यातच खिसे पुढे करायची. माझी रोज दाढी व्हायला लागली, कारण बेल कधी वाजेल याचा नेम नव्हता.

एक मात्र मी मनाशी पक्कं धरलं होतं. तुम्ही दिवसाचे घरी कसे, हे मला एकीनंही विचारलं नव्हतं. त्यावरून मी ठरवून टाकलं की ह्यांना काही पत्ता नाही, मी रात्रपाळीला असतो अशीच ह्यांची समजूत आहे. त्या समजुतीला धक्का लागू नये म्हणून मी अधूनमधून मुद्दाम जांभया द्यायचो. आता आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

खंडेनवमीचा दिवस आला. ज्यानं कारखान्यात उमर काढली त्याला ह्या दिवसाचं वेगळं सांगायला नको. मशीन धुऊनपुसून त्यावर हळदकुंकू, झेंडूची माळ, पेढे, आणि त्या दिवशी साहेबही तुमच्या शेजारी जमिनीवर बसतो. सकाळपासून अंबडच्या बाजूनं लाउडस्पीकर ऐकू येत होते, रस्त्यावरून माळा घातलेले टेम्पो जात होते. मला घरात बसवेना. पहाटे भाजलेल्या बिया डब्यात भरल्या आणि मावशींना देऊन येऊ म्हणून खाली गेलो. दात नसले तरी त्या कुटून खातात असं एव्हाना कळलं होतं.

त्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारून आत गेलो तर मावशी स्वयंपाकघरात विळीवर बसलेल्या. दसऱ्याच्या घारग्यांची तयारी चालली होती. शेजारी एक अख्खा भोपळा होता. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तो उचलला, विळीच्या पात्यावर धरला, अंगाचा भार टाकला आणि एका दमात त्याची दोन शकलं केली. मला वरवंटा लागला होता. आतल्या खोलीत पंखा फिरत होता आणि कुणीतरी घोरत होतं. पोरगा हाय, म्हणाल्या, सारी वर्षं रातपाळीच करतो, दिवसा घरीच झोपलेला असतो.

म्हणजे घरात पुरुष होता. रोज होता. मी डबा हातात धरून तसाच उभा राहिलो. मग विचारलं, तुम्ही स्वतःच कापता?

“आमचे मालक गेले तवापासून मीच कापते,” मावशी म्हणाल्या. “भोपळ्याला काय कळतं, कुनाचा हात हाय ते.”

मग माझ्याकडे का आणलात, असं मी विचारलं. आवाज जरा चढलाच असेल. कुणीतरी लहान पोरासारखं हाताला धरून आपल्याला रस्ता ओलांडून दिला आणि आपण मात्र ऐटीत चालत होतो, असं काहीतरी वाटून मला राग आला होता. मावशींनी मान वर केली नाही. त्या बिया काढत होत्या.

“तुमचं दार लय दिवस लागलेलं होतं, भाऊ. तुमची मंडळी जिन्यात भेटायची ती रडवेल्या तोंडानं. विचारायला जीव धजत नव्हता. आन् बाईमाणसानं एकट्या गड्याच्या दारात रिकाम्या हातानं जायचं कसं? हातात काहीतरी पायजे ना.”

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, गच्चीवरच्या बायका, दाराला अडकवलेल्या पिशव्या, सगळं एकदम माझ्या लक्षात आलं. भ्रमाचा भोपळा फुटला म्हणतात, तो असा फुटला. राग कुठे गेला कळलं नाही. मी तिथेच फरशीवर बसलो आणि जे वाक्य श्रावणापासून घशात अडकलं होतं ते बाहेर पडलं.

“मावशी, माझी नोकरी गेली.”

“ते श्रावनातच कळलं साऱ्यांना,” त्या म्हणाल्या. “एक तुम्हालाच कळायचं राह्यलं होतं.”

मला रडू आलं. मावशींनी ते न पाहिल्यासारखं केलं आणि उठून चहाचं आधण ठेवलं. चहा होईपर्यंत मी त्यांच्या भोपळ्यातल्या उरलेल्या बिया सोडवत बसलो. आपल्या दुःखावर पांघरूण घालायला आपण किती धडपडतो, आणि ज्या माणसांपासून ते लपवतो त्यांनी ते पांघरूण आधीच हलकेच सारखं केलेलं असतं. मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, कारण त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. पण आज सांगतो, त्या इमारतीतल्या बायकांनी मला माणसांत परत आणलं, आणि आणताना माझी मान खाली जाऊ दिली नाही.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिनं नेहमीप्रमाणे विचारलं, आज जेवायला काय होतं. मी म्हणालो, “बाळा, मी कारखान्यात जात नाही. श्रावणातच माझी नोकरी गेली. मी तुला खोटं सांगत होतो.” बायको पोळ्या लाटता लाटता थांबली होती. मग पोरीनं हळूच विचारलं, “मग बाबा, तू दिवसभर करतोस काय?”

मी सांगितलं, बिया भाजतो. कुणाच्या, कशा, आच किती ठेवायची, रंग कुठला यायला हवा, सगळं सांगितलं. ती मधेच हसत होती आणि नाकही ओढत होती. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, “दिवाळीला येताना मी रिकामा डबा घेऊन येते. होस्टेलला न्यायला भरून दे.”