आईचं इंग्रजी आजारपण

दोन महिने रोज संध्याकाळी सात वाजता मी आमच्या गॅलरीच्या कठड्यावरून अर्धा देह बाहेर काढून फोनवर इंग्रजी बोलत होतो. समोरच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी एकदा खालून हाक मारून विचारलं, "अहो, उडी मारणार असाल तर मी आधी गाडी हलवतो." कोथरूडमध्ये सहानुभूती अशीच मिळते.

मी एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. मराठीत माझं तोंड कुणी बंद करू शकलेलं नाही. एका लग्नात माझा किस्सा ऐकता ऐकता भटजींचा मुहूर्त टळला होता. बरं, टळता टळता राहिला. पण परदेशी गिऱ्हाइकांबरोबर दर महिन्याला जी मीटिंग होते, तिच्यात दोन वर्षं माझा माईक बिघडलेला होता. मीच तो बिघडवून ठेवला होता. मग नवे साहेब आले. म्हणाले, दिवाळीनंतरच्या मीटिंगपासून ज्याचा विभाग त्यानेच बोलायचं. जमणार नसेल त्याने स्टोअर्सला जायचं. आमचं स्टोअर्स म्हणजे कारखान्याच्या मागची पत्र्याची शेड. तिथे गेलेला माणूस निवृत्तीच्या दिवशीच डोळे चोळत उजेडात येतो.

एका पीठगिरणीच्या माडीवर इंग्रजी संभाषणाचा क्लास होता, तिथे नाव घातलं. सरांची पद्धत सरळ होती. दोघादोघांच्या जोड्या लावायच्या, रोज पंधरा मिनिटं फोनवर बोलायचं, मराठी शब्द काढायचा नाही. माझ्या जोडीला कात्रजच्या एक बाई आल्या. वय बहात्तर, जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. मुलगा परदेशात, सून तिकडचीच, आणि ती सून फोनवर आली की बाईंना 'गुड, गुड' च्या पुढे जाता येत नव्हतं. पहिल्या भेटीत त्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं.

"गृहपाठ न करणाऱ्या मुलांचा चेहरा मला लांबून ओळखू येतो," त्या म्हणाल्या.

"मी त्रेपन्न वर्षांचा आहे, बाई."

"तेच म्हणतेय मी."

पहिला फोन. (आम्ही जे इंग्रजीत बोललो ते इथे मराठीत देतो, मूळ इंग्रजी छापण्यासारखं नव्हतं.) बाईंनी विचारलं, घरचे कसे आहेत? इतका साधा प्रश्न, आणि माझ्या डोक्यात मे महिन्यातल्या नळासारखी नुसती हवा. क्लासच्या पुस्तकातला एकच धडा मला पाठ होता, 'डॉक्टरांकडे'. तो तोंडातून आपोआप बाहेर पडला. "माय मदर इज नॉट वेल. शी हॅज फीव्हर."

"अरे देवा! कधीपासून?"

धड्यात होतं, 'दोन दिवसांपासून'. तेही सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले? तेही धड्यात होतं. पंधरा मिनिटं कशी गेली कळलं नाही. फोन ठेवला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता, पण मी इंग्रजी बोललो होतो!

आई त्या वेळी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. वय अठ्ठ्याहत्तर. रोज पहाटे टेकडी चढते आणि उतरताना मंडईवाल्याला कोथिंबिरीवरून रडवून येते.

दुसऱ्या दिवशी पेच पडला. ताप उतरवला तर बोलायचं काय? माझ्या बाकीच्या आयुष्याची इंग्रजी वाक्यं माझ्याकडे नव्हती. मग ताप राहिला. तापाच्या मागोमाग रक्ताची तपासणी आली, मग एक्स-रे, मग गुडघा, मग मूत्रपिंड, मग हॉस्पिटल. रोज दुपारी डब्याच्या सुट्टीत मी नवीन शब्द शोधायचो आणि संध्याकाळी तो आईला व्हायचा. महिन्याभरात तिला इतके रोग झाले की एका वॉर्डात मावले नसते. माझं इंग्रजी गुटगुटीत होत चाललं होतं. बाईंचंही. त्या आता मोठमोठे प्रश्न विचारायच्या आणि मला धीर द्यायच्या.

आणि इथेच गॅलरीचा संबंध येतो. आमच्याकडे मानतात की घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मी विज्ञानाचा पदवीधर. पण रोज सातला आपल्याच घरात आपल्याच आईला नवा आजार द्यायचा म्हणजे भीती वाटायची. आधी मनाची समजूत घातली की आमच्या वास्तूला इंग्रजी येत नसणार. मग आठवलं, खालच्या मजल्यावर इंग्रजी शाळेच्या शिकवण्या चालतात. म्हणून गॅलरीत गेलो. गॅलरीसुद्धा वास्तूतच धरतात असं कुणीतरी म्हणालं, म्हणून कठड्याबाहेर लोंबकळायला लागलो. तोंड तरी हद्दीबाहेर.

दिवाळी झाली. मीटिंग पुढच्या सोमवारवर आली. आणि मंगळवारी सकाळी आई खोकली.

एकदाच खोकली. पण तो खोकला मला कर्वे रस्त्यावरच्या सगळ्या हॉर्नांपेक्षा मोठा ऐकू आला. अर्धी रजा टाकून तिला दवाखान्यात नेलं, असतील नसतील त्या तपासण्या करायला लावल्या. डॉक्टर म्हणाले, "यांना काही झालेलं नाही. तुमचा रक्तदाब बघू का?" येताना रिक्षात आईने तपासण्यांची बिलं मोजली. मग म्हणाली, "काय रे, फ्लॅटची घाई झाली आहे का तुला?"

त्याच संध्याकाळी बाई फोनवर म्हणाल्या, "उद्या मी तुमच्या आईंना भेटायला येते. दोन बस बदलाव्या लागतील, चालेल. हॉस्पिटलचं नाव सांगा."

कठड्यावर माझा हात घसरला. खरं सांगावं, तर बाई फोन आपटणार आणि सोमवारी मी मुका. खोटं चालवावं, तर बाईंना आईपासून लांब ठेवण्याचा एकच मार्ग उरला होता आणि तो शब्द मी कठड्याबाहेर जाऊनसुद्धा उच्चारू शकत नव्हतो. मी कठड्याच्या आत आलो, जमिनीवर दोन्ही पाय टेकले आणि म्हणालो, "मॅडम, माय मदर इज नॉट इल."

पुढचं सांगायला कुठल्याच धड्याची मदत नव्हती. अडखळत, मागे जात, भूतकाळाच्या जागी भविष्यकाळ घालत मी सगळं सांगितलं. ताप नव्हता. गुडघा नव्हता. मूत्रपिंडं दोन्ही उत्तम आहेत. तेवढ्यात वाळलेले कपडे काढायला आई गॅलरीत आली. आपला उल्लेख चाललाय एवढं इंग्रजी तिला कळतं. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि पाच मिनिटं नुसती "हं… हं… अस्सं!" करत राहिली. फोन ठेवून माझ्याकडे वळली.

"दोन महिने अंथरुणाला खिळले होते म्हणे मी. मग भाकऱ्या कोण थापत होतं? आधी सांगितलं असतंस तर चार दिवस पडून तरी राहिले असते."

"बाई काय म्हणाल्या?"

"रोज माझ्यासाठी देवापाशी दिवा लावत होत्या म्हणे. आणि रडल्या." आई कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

बुधवारी सात वाजता फोन केला. उचलला नाही. गुरुवारीही नाही. मी गॅलरीत एकटा उभा राहून कठड्याशी इंग्रजी बोलून पाहिलं, दोन वाक्यांत थकलो. स्टोअर्सच्या पत्र्याचा वास नाकात येऊ लागला.

शुक्रवारी बाईंचाच फोन आला. मराठीत.

"ऐका. तुमच्या आईचं आजारपण मी रोज सुनेला सांगत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही अर्धा अर्धा तास बोललो. ती तिकडे नर्स आहे, रोज विचारते. परवापासून मी तिचा फोन उचललेला नाही. आता ती ह्याच फोनवर पलीकडे थांबली आहे. गणित तुम्ही चुकवलंत, खोडून तुम्हीच लिहा."

"बाई, मला नाही जमणार…"

"जोडते आहे."

आणि एक परकी, तरुण, झरझर बोलणारी बाई कानात आली. मी पाच वेळा 'सॉरी' म्हटलं. मग सांगितलं. बाईंचा दोष नाही, त्यांना माहीत नव्हतं, हेही सांगितलं. ती थांबली, मग अगदी हळू, एकेक शब्द सुटा करत तिने विचारलं, "पण का?"

"कारण माझ्याकडे दुसरी वाक्यं नव्हती," मी म्हणालो.

मग ती हसली की नाक ओढलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणाली, आता तिच्या सासूबाईंनी तिला रोज स्वतःच्या गुडघ्याबद्दल सांगावं, तो खरोखर दुखतो असं तिचा नवरा म्हणतो. बाई चटकन म्हणाल्या, "गुड, गुड."

सोमवारी मीटिंगमध्ये गिऱ्हाइकांनी मला विचारलं, मागचा माल परत का आला? साहेबांनी कागदावर उत्तर लिहून दिलं होतं, वाहतुकीचा दोष. मी त्यातले पहिले दोन शब्द वाचले. मग कागद बाजूला ठेवून चार वाक्यं बोललो: तपासणी आमची, नजर आमची, चूक आमची, आता दोनदा तपासतो. साहेब अजून माझ्याकडे नीट बघत नाहीत, पण स्टोअर्सला दुसरंच कुणीतरी गेलं.

बाईंचा नि माझा सराव चालू आहे, मात्र त्यांनी आईचा नंबर घेऊन ठेवलाय. मी इंग्रजीत म्हणालो की आज घरी भरली वांगी होती, तर खात्री करायला सव्वासातला स्वयंपाकघरातला फोन वाजतो. आई वांग्यांच्या कढईवर झाकण ठेवते आणि माझ्याकडे बघत बघत उत्तर देते, "वांगी? नाही हो. दुधी होता."