यंत्रात राहिलेलं आपट्याचं पान

आमच्या बॉसला सगळे ‘मुदीर’ म्हणायचे. अरबीत साहेबाला हाच शब्द. इजिप्तचे, पोट सुटलेले, दम्याचे पेशंट, आणि आवाज असा की आमच्या शेडमध्ये ओरडले की शेजारच्या गोडाऊनमधले लोक बाहेर येऊन बघायचे. मीही काही कमी तोंडाची नाही. रोज एक तरी भांडण झाल्याशिवाय आम्हा दोघांना चहा गोड लागत नसे. पण आज देवापुढे हात जोडले की आईवडिलांच्या मागोमाग मला त्यांचीच आठवण येते. का, ते सांगते.

जबल अलीच्या फ्री झोनमध्ये आमची सेंट्रिफ्यूज बनवायची छोटी फॅक्टरी होती. मी पुण्याची केमिकल इंजिनीअर. २००८ मध्ये दुबईतल्या क्रेन थांबल्या, तेव्हा नवऱ्याची बांधकाम कंपनी बसली आणि त्याची नोकरी गेली. तिथे नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की बिऱ्हाड आवरायचं. मी इंजिनीअर असल्यामुळे नवऱ्याला आणि लेकीला माझ्या व्हिसावर घेता आलं. शारजातल्या अल नहदाच्या आमच्या बिल्डिंगखाली लोक गाड्या तशाच सोडून मायदेशी पळाले होते. धुळीने त्या सगळ्या एकाच रंगाच्या दिसायच्या. आमची गाडी तेवढी रोज सकाळी निघायची. नवरा पुढे अधूनमधून कन्सल्टन्सीची कामं करायचा, पण पक्की नोकरी त्याला परत मिळालीच नाही. वर्षानुवर्षं सगळं घर माझ्या एकटीच्या व्हिसावर टांगलेलं होतं.

फॅक्टरीही रडतखडत चालली होती. मग एक दिवस परदेशातून ऑर्डर आली. तिकडे गांजा कायदेशीर झाला होता आणि औषधं बनवणाऱ्या एका कंपनीला त्यातलं तेल काढायला यंत्र हवं होतं. मी मुदीरना म्हटलं, “वेड लागलंय का तुम्हाला? इथे चपलेला कण लागलेला सापडला तर माणूस आत जातो!”

“यंत्र रिकामं जाणार, हबीबती. इथे एक पान येणार नाही. वकिलाला विचारलंय,” ते म्हणाले. “यल्ला, ड्रॉइंग काढ.”

काढलं. कल्पना साधी असते. दही पंच्यात बांधून टांगलं की पाणी निथळतं आणि चक्का राहतो, तसंच. फक्त इथे निथळायला वेळ नसतो म्हणून गरगर फिरवायचं. कापडी पिशवीत पाला, पाल्यावर कडक गार केलेलं अल्कोहोल. थोडं भिजू द्यायचं, मग फिरवायचं. तेल घेऊन अल्कोहोल बाहेर फेकलं जातं, चोथा पिशवीत. गारठा कशाला? अल्कोहोल गरम असलं की ते हावरटासारखं पाल्यातलं मेण आणि हिरवा रंगही ओढून घेतं. उणे चाळीसला ठेवलं तर मोजकंच उचलतं.

पण ट्रायल कशावर घ्यायची? मी देऱ्याच्या बाजारातून कसुरी मेथीची पोती आणली. अल्कोहोलचं परमिट मिळवायला मुदीरनी किती ऑफिसांचे उंबरे झिजवले देव जाणे. पहिल्यांदा गार करणारं युनिट नीट चाललं नाही आणि शेवाळासारखं हिरवंगार पाणी आलं. मुदीर ओरडले, मी त्यांच्यावर ओरडले. गास्केट बदललं, पाइपवर दुप्पट इन्सुलेशन चढवलं, आणि मग एका दुपारी नळातून सोनेरी धार आली. अहाहा! त्या महिन्यात माझ्या केसांना, ओढणीला, गाडीच्या सीटला मेथीचाच वास. लेक म्हणायची, “मम्मा, यू स्मेल लाइक अ पराठा.” ती तेव्हा दहावीत होती आणि मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा होती.

यंत्र तयार झालं ते नेमकं दसऱ्याला. खंडेनवमीला-दसऱ्याला शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा करायची आपली रीत. जबल अलीतही आम्ही ती सोडली नव्हती. बर दुबईच्या देवळाजवळच्या गल्लीतून झेंडू आणला. मुंबईहून आलेल्या मैत्रिणीने बॅगेतून आपट्याची पानं आणली होती. यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ बाहेर फोडला. सगळ्यांना पानं वाटली, “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.” मुदीरनी ते पान कपाळाला लावून शर्टाच्या खिशात ठेवलं. एक पान मी यंत्राच्या झाकणावर ठेवलं. इतकी राबलेली बाई ती. तिला नको का सोनं?

पॅकिंगवाल्यांनी आधी झाकण उघडून आत शेवटचा हात फिरवला आणि मग क्रेट बंद केला. झाकणावरचं पान आत पडलं, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

चार दिवसांनी पोर्टवरून फोन आला. तपासणीत क्रेट उघडला होता. वरच मी लिहिलेलं मॅन्युअल. त्यात पानोपानी कॅनाबिस, कॅनाबिस. आणि आत, चकचकीत स्टीलच्या बास्केटमध्ये, एक सुकलेलं पान.

फोन मुदीरनी घेतला आणि एकटेच निघाले. ते गेल्यावर स्टोअरवाल्याने मला सांगितलं. मी लगेच मुदीरना फोन लावला.

“तू घरी जा,” ते म्हणाले. “पान माझं आहे, असं मी त्यांना सांगितलंय. मी ठेवलं. खलास.”

“काय खलास? पान मी ठेवलंय!”

“तुला मुलगी आहे. इकडे यायचं नाही. ही ऑर्डर आहे.”

ऑर्डर! त्यांची कुठलीही ऑर्डर मी आजवर मुकाट्याने ऐकली नव्हती. गाडी काढली. वाटेत मारुतीस्तोत्र म्हणत होते आणि मध्येच मुदीरना शिव्याही घालत होते.

कस्टमच्या खोलीत एक तरुण अधिकारी बसला होता. पांढरा गणवेश, समोर प्लास्टिकच्या पिशवीत माझं पान. कुत्रं आणून झालं होतं. कुत्र्याने पान हुंगलं आणि जांभई दिली म्हणे. पण कुत्र्याची जांभई कागदावर चालत नाही.

“शू हाझा?” त्याने पिशवी उचलून विचारलं. हे काय आहे?

आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे येऊ नये तेच माझ्या तोंडून आलं. “सर, दिस इज गोल्ड.”

मुदीरनी कपाळावर हात मारला. दुबईच्या कस्टममध्ये, सोनं!

मग मी सगळं सांगत सुटले. दसरा, हत्यारांची पूजा, झाकणावरचं पान. मध्येच मुदीर ओरडले, “खोटं बोलतेय! मी ठेवलं!” मी ओरडले, “तुम्हाला या झाडाचं नाव तरी माहीत आहे का?” ते म्हणाले, “नाव कशाला लागतं? माझी फॅक्टरी, माझं यंत्र, माझं पान!” पाच मिनिटं आम्ही दोघं त्या पानासाठी सख्ख्या भावंडांसारखे भांडलो. अधिकारी बघत राहिला. मग त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. परत वळला तेव्हा चेहरा पुन्हा कडक.

“इथे येणारा प्रत्येक जण म्हणतो, माझं नाही,” तो म्हणाला. “पान लॅबला जाईल. तोवर दोघांचे पासपोर्ट इथे. घरी जा. इन्शाल्ला, खैर.” देवाच्या मनात असेल तर सगळं ठीक होईल.

ते दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. आपट्याचं पान आहे, निष्पाप आहे, हे मला माहीत होतं. पण झाकणाखाली आणखी काही चिकटलं असेल तर? लॅबची चूक झाली तर? मी आत गेले तर व्हिसा रद्द, आणि माझ्या मागोमाग त्या दोघांचाही. पोरीची दहावी अर्ध्यावर. ती तिच्या खोलीत भूमितीची प्रमेयं मोठ्याने पाठ करायची आणि मी किचनमध्ये ओट्याला धरून उभी राहायचे.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याला मुदीरचा फोन आला. फोटो आणि पासपोर्ट घेऊन ये. तो परत आला आणि सोफ्यावर बसूनच राहिला.

“अरे, काय म्हणाले?”

“मला नोकरीवर घेतलंय. प्लॅनिंगला. व्हिसाचं कालच सुरू केलं म्हणे.” मग म्हणाला, “अगं, म्हणाले, आम्ही दोघं आत गेलो तरी तुझी मुलगी परीक्षेला बसली पाहिजे. ते आत गेले तर फॅक्टरी त्यांचा भाऊ बघेल, त्यालाही तसं सांगून ठेवलंय.”

ज्या माणसाच्या स्वतःच्या पासपोर्टचा पत्ता नव्हता, तो माझ्या लेकीच्या परीक्षेची सोय करत बसला होता.

आठवड्याने निकाल आला. साधं पान. अधिकाऱ्याने पासपोर्ट परत दिले आणि यंत्र बोटीवर चढलं. ऑफिसात पोचताच मी मुदीरना म्हटलं, “देव तुमचं भलं करो. आता त्याच्या व्हिसाचं थांबवा. संकट टळलं, उगीच तुमच्यावर भार नको.”

ते असे भडकले की शेजारचे लोक गोडाऊनमधून बाहेर आले.

“तू इंजिनीअर आहेस ना? अख्खं घर कुणी एका खांबावर उभं करतं? इतकी वर्षं केलंस, आता पुरे! उद्या सात वाजता त्याला पाठव. उशीर झाला तर पगार कापीन!”

मी भांडले नाही. त्यांच्या पायाशी वाकले. “हराम, हराम, काय करतेस!” म्हणत ते खुर्चीसकट मागे सरकले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

त्या संध्याकाळी आम्ही नवऱ्याचे ऑफिसचे जुने शर्ट बाहेर काढले. एकाचंही बटण पोटावर लागेना. तो आरशासमोर श्वास ओढून उभा राहिला, लेक खो खो हसत होती, आणि मी इस्त्री हातात धरून मुसमुसत होते.