वैशाखऱ्याचं टिंब

कुसुमताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी फणसाच्या आठळ्या सोलत होते. तिच्या भाचीने दोन वाक्यांत सांगितलं. फोन ठेवून मी उरलेल्या आठळ्याही सोलून टाकल्या. दुसरं काय करायचं ते सुचेना...

ताई शहापूरला विज्ञान शिकवायची, मी त्याच शाळेत मराठी. शहापूर-मुरबाडात कोणतं शेवाळ कुठे उगवतं याचा नकाशा करायचं खूळ तिने घेतलं होतं. शेवाळ म्हणजे कातळावर, झाडाच्या सालीवर मखमलीसारखं वाढतं ते. तिचा नियम कडक. एकीने पाहिलं की नकाशावर पोकळ टिंब. दुसरीने त्याच जागी जाऊन भिंगातून पाहिलं, की मगच ते शाईने भरायचं. म्हणायची, "आपल्याला हवं तेच डोळ्यांना दिसतं गो. म्हणून दुसरे डोळे लागतात."

ते दुसरे डोळे म्हणजे मी. तेव्हा बावीस वर्षांची, उंच टाचांच्या नव्या चपला घालून रानात निघालेली महामूर्ख. वैशाखरे गावच्या ओढ्यातल्या कातळावर ताईला तांबूस देठांचं एक शेवाळ मिळालं होतं, तसं दुसरीकडे कुठेच नव्हतं. मी तपासायला गेले. फाट्यावर उतरले, ओढ्याची उतरण पाहिली, मग चपलांकडे पाहिलं, आणि टपरीवर बसून भजी खाल्ली. परतल्यावर वहीत रुबाबात सही ठोकली : पाहिले. ताईने टिंब भरलं आणि आनंदाने मला घरी नेऊन खरवस खाऊ घातला. मी तोही खाल्ला.

गेल्या वर्षी ती सगळ्या नोंदी पुन्हा तपासायला बसली. गुडघे गेलेले, म्हणून फोनवरून एकेक गाव विचारायची.

"वैशाखऱ्याचं तू नीट पाहिलं होतंस ना गो?"

"म्हणजे काय," मी म्हणाले. चार नातवंडांची आजी, आणि तरी जीभ अडखळली नाही.

"मग झालं. बाकीची चुकली तरी चालतील."

खरं सांगू, पुढच्या फोनला कबूल करीन असं ठरवलं होतं. पुढचा फोन भाचीचा आला.

तेराव्यानंतर नकाशा आणि वह्या माझ्याकडे आल्या. श्रावणात एसटीने वैशाखऱ्याला गेले, या खेपेला रबरी बूट घालून. ओढ्याजवळ बांधावर एक बाई होती, तिला कातळाचं विचारलं.

"तो काळा कातळ? नाय आता. रस्ता रुंद केला तवा फोडला. काय हरवलंय आजी तुमचं?"

शेवाळ, म्हटल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली. आमच्या विहिरीवर चला, म्हणाली, घसरून पडाल एवढं हाय. गेले. चिखलात गुडघे टेकून, भिंग लावून पाहिलं. ते नव्हतं.

घरी येऊन वहीतली सही खोडली, शेजारी लिहिलं : गेले नव्हते. मग ब्लेडने नकाशावरच्या टिंबाची शाई खरवडली. कड तेवढी राखली, कारण ती ताईची. कागद तिथे फार पातळ झालाय. ते शेवाळ तिथे होतं, ताईने पाहिलं होतं... तिने एकटीनेच. त्या टिंबाला दुसरे डोळे आता मिळायचे नाहीत.