पांढरी चारच्या खाली

…तर सावकाशने व्हायोलिनच्या खुंट्या पिळून चारही तारा सैल केल्या, इथवर काल आलो होतो. पण का केल्या हे सांगायचं राहूनच गेलं, आणि ते कळल्याशिवाय पुढची गंमत, गंमत म्हणायची तर, कळायची नाही.

सावकाश हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून तो ज्याला त्याला म्हणायचा, सावकाश, पाय कुठं पळून जात नाही. ते नाव त्याला बुटाच्या तळासारखं चिकटलं. रविवारी दुपारी मात्र हाच माणूस कोपरांवर झिजलेला काळा कोट चढवून हॉटेलच्या जेवणघरात व्हायोलिन घेऊन उभा राहायचा आणि पियानोवर बसायची त्याची थोरली बहीण, ताई. ताईचं लग्न जमलं नाही, याचं कुणी जमवलं नाही. दोघांना शिकवलं आईनं, आणि तिचा एकच दंडक होता: तार तुटो की दिवे जावोत, तारांवर फिरणारा गज थांबवायचा नाही. गज थांबला की जोडीदार वाट चुकतो.

दुपारचा शेवट ठरलेला असे. टँगोच्या चालीवर बांधलेला व्हायोलिनचा एक शास्त्रीय तुकडा. टँगो म्हणजे काय, तर भांडलेल्या नवरा-बायकोनं एकमेकांना न सोडता घरभर फिरणं. एक पाऊल झपकन पडतं, दुसरं मुद्दाम अडून बसतं. हा तुकडा पांढरी सातच्या, म्हणजे पेटीच्या सातव्या पांढऱ्या पट्टीपासूनच्या, मायनर या उदास सुरावटीतला; आकडा उतरला की सूरही खाली उतरतो. लय भरभर चालणाऱ्या माणसाची. दुःख होतं त्यात, पण नखरेल, आरशात बघत रडणारं. ऐकताना जेवणारे काटे-चमचे खाली ठेवत.

एका रविवारी घरी परतताना ताईनं विचारलं, हल्ली तू मधल्या मधल्या जागा गाळतोस का रे? सावकाशने एकही सूर गाळला नव्हता. गळत होते ते तिच्या कानातून. कानाच्या डॉक्टरनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, वरचे सूर आधी जातात, खालचे शेवटी; थांबवता येत नाही. कानाला यंत्र लावून पाहिलं, तर ताई म्हणाली, पियानोत कुणी पत्रे भरलेत. तिनं ते काढलं ते काढलंच.

मग या पठ्ठ्यानं काय करावं? सूर तिच्यापर्यंत पोचत नाहीत, तर ते खाली उतरवायचे. तिला कारण सांगितलं नाही. म्हणाला, माझी करंगळी आखडली आहे, वर पोचत नाही. ताईला आयतंच कोलीत मिळालं. हॉटेलच्या स्वयंपाक्यापासून जिन्यावरच्या शेजारणीपर्यंत सगळ्यांना सांगत सुटली, आमच्या धाकट्याचं वय झालं हो, त्याच्यासाठी मला सगळा तुकडा नव्यानं बसवावा लागतो. तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. तुकडा पांढरी सहात आला. वर्ष-दीड वर्षानं पांढरी पाचात. ती अडखळायला लागली तशी त्यानं लयही उतरवली. टँगोचं अडणारं पाऊल अडूनच बसायला लागलं. तो नखरा कुठल्या कुठं गेला. मॅनेजर एकदा म्हणाला की वाजवता छान, पण गिऱ्हाइकं विचारतात, कोण वारलं?

आणि पांढरी पाचला व्हायोलिनचा तळ लागतो. जाड तार मोकळी सोडली की तोच सूर. त्याच्याखाली हात घालायला जागाच नाही. म्हणून त्या तारा सैल केल्या. पांढरी चार. व्हायोलिनचा आवाज सर्दी झाल्यासारखा भसाडा झाला, पण ताई त्या दिवशी मान डोलावत होती, आणि त्याला तेवढं पुरे होतं.

आता सैल तार म्हणजे सैल खुंटी, हे कुठल्याही वादकाला कळतं. त्यालाही कळत होतं. परवाच्या रविवारी तुकड्याचा शेवट आला. हा शेवट सगळा जाड तारेवरचा, अगदी हळू. नेमकी तिचीच खुंटी कुरकुरली, फिरली, आणि तार दोरीसारखी लोंबायला लागली. सावकाशचा हात थांबला नाही; आईनं थांबायला शिकवलंच नव्हतं. गज आपला मुका चालत राहिला. त्याला वाटलं, आता ताई वळून बघेल, भुवया उंचावेल, घरी गेल्यावर टोमणा मारेल.

ताई वाजवत होती. त्याच्या कोपराकडं बघत होती. कोपर मागं गेलं की सूर धरायची, पुढं आलं की सोडायची. चेहऱ्यावर तेच हसू, मान तशीच डोलत होती. शेवटच्या सुराला तिनं डोळे मिटले, व्हायोलिन विरेपर्यंत थांबली आणि मग झाकण लावलं.

"आज शेवट किती हळुवार केलास," ती म्हणाली. "करंगळीला आराम पडलेला दिसतोय."

त्यानं मान हलवली. ती नुसतं कोपर बघून किती रविवार वाजवत असेल याचा तो हिशेब करू लागला आणि मध्येच सोडून दिला. पांढरी सहापासून? की त्याच्याही आधीपासून?

हॉटेलचा पियानो सुरात लावून देणारा म्हातारा जवळच्याच टेबलाशी बसला होता. त्याचा कान तिखट, त्यानं सगळं ऐकलं होतं, म्हणजे ऐकू आलं नाही ते ऐकलं होतं. ताई कोट घ्यायला गेली तसा तो जवळ आला. लोंबती तार बोटानं उचलून त्यानं पाहिली.

"तार मुकी होती हे तिला सांगणार आहेस का? आणि आता याच्या खाली कुठं नेणार?"

सावकाश व्हायोलिन पेटीत ठेवत होता. गिऱ्हाइकाचा बूट खोक्यात ठेवावा तसं त्यानं ते नीट कागदात गुंडाळलं.

"कुठं नाही. नवी तार घालतो, खुंट्या घट्ट करतो आणि मूळच्या पट्टीत जातो. इतकं खाली उतरायचं आता कुणासाठी? लय तेवढी हीच ठेवीन, कोपर दिसायला हवं तिला. तू काही बोलू नकोस. करंगळी बरी झाली म्हणून सांगतो."