मांडी न घालणारा बाप

परभणीच्या अ‍ॅनिमेशनच्या क्लासमध्ये शेवटी प्रत्येकाला एक छोटी फिल्म करायची होती. ती बघायला पुण्याच्या एका स्टुडिओतली माणसं येणार आणि एखाद्याला नोकरी देणार. मला नोकरी हवीच होती, पण त्याहून जास्त हवं होतं ते बाबांनी एकदा तरी याला काम म्हणणं. पोरगी रोज पालमहून एसटीनं 'टीव्हीतली चित्रं हलवायला' जाते, असं ते गावभर सांगायचे.

म्हणून फिल्म बाबांवरच करायची ठरवली. बाप शहरातल्या मुलीच्या खोलीवर डबा घेऊन येतो, दोघं जमिनीवर बसून जेवतात, बस्स.

आता बाप हवा. म्हणजे रिग: आतून सांधे बसवलेली, संगणकातली तयार बाहुली. खांदा, कोपर, गुडघा धरून तिला हलवायचं. चांगल्या रिगची किंमत बघून मी ते पान लगेच बंद केलं. फुकटात एक राक्षस होता, एक उघडाबंब पहिलवान आणि एक टक्कल पडू लागलेला, सुटाबुटातला परदेशी गृहस्थ. फुकट ते पौष्टिक म्हणत गृहस्थाला घरी आणलं. सूट काढून पांढरा सदरा घातला, मिशी चिकटवली, डोक्यावर टोपी ठेवली. मग पळवून पाहिला, उडी मारायला लावली, कोलांटउडीसुद्धा. स्थळ बघायला आलेली माणसंही एवढी परीक्षा घेत नाहीत. गडी सगळ्यात पास झाला.

जेवायला बसायची वेळ आली तेव्हा गुडघा पोटात घुसला आणि पाऊल पाठीतून बाहेर आलं. कोलांटउडी मारणाऱ्या या माणसाला मांडी घालता येत नव्हती! ज्यानं तो बनवला, त्याच्या देशात जमिनीवर बसायची वेळच कुणावर येत नसावी.

सर म्हणाले, "उभाच ठेव. आता वेळ कुठंय?"

उभाच ठेवला. मुलगी बसून जेवते, बाप शेजारी उभा. फिल्म दाखवताना सरांनी पाहुण्यांना समजावलं की बापाचं उभं राहणं हे प्रतीक आहे. मी गंभीरपणे मान हलवली. पाहुण्यांना प्रतीक फार आवडलं आणि त्या गुडघ्यांच्या कृपेनं मला नोकरी लागली.

घरी येऊन बाबांच्या हातात मोबाईल दिला. त्यांनी फिल्म दोनदा पाहिली.

"चालायलाय तर माझ्यावानीच," ते म्हणाले. मग कपाळाला आठी. "पन त्या पोरीनं बापाला बसा बी म्हनलं न्हाई व्हय?"

"बाबा, त्याच्या गुडघ्यात अडचण हाय."

"मंग दवाखान्यात दाखवावं. बसा म्हनायला काय जातंय?"

मला इतका राग आला की आत जाऊन रडले. एवढी मेहनत केली, आणि यांना दिसलं काय, तर पाहुणचारातली चूक!

नोकरीच्या पहिल्या दिवशी बाबा सोडायला आले. हट्टानं आले, हातात डबा घेऊन. स्टुडिओच्या दाराशी पांढराशुभ्र सोफा होता. तिथली मुलगी म्हणाली, "काका, बसा ना."

"र्‍हाऊ द्या, उभाच बराय."

ती परत म्हणाली. बाबा सोफ्यापासून अजून थोडे लांब सरकले. दोन्ही हातांत डबा, खांदे किंचित पुढं. हे चित्र मी महिनाभर रोज हलवलं होतं. एवढ्या दिवसांत एकदाही मला ते प्रतीक वाटलं नव्हतं. आता वाटलं.

"बसा की बाबा," मी म्हणाले.

"सोफा मळंल गं," ते हळूच म्हणाले. "एसटीतली धूळ हाय अंगावर."

मी बॅग खाली ठेवली आणि तिथंच चकचकीत फरशीवर मांडी घालून बसले. ती मुलगी टेबलामागून वाकून बघायला लागली. बाबांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग गुडघे दुमडून ते माझ्यासमोर बसले, अगदी सहज.

"आता कसं," म्हणाले, आणि डबा उघडला.