सरांचं काम तपासायचं नाही

त्या केसमधली माणसं अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्यांचं एवढं काही राहिलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सांगली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या साखर कारखान्याचा हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि बॉयलरची नळी फुटली. उकळती वाफ अंगावर येऊन एक तरुण कामगार जागीच गेला. बॉयलर अटेंडंट भाजला. मेलेला त्याचा चुलतभाऊ, यानंच शब्द टाकून कामाला लावलेला.

बॉयलरमधलं पाणी कमी पडलं होतं, हे पाहणीत उघड झालं. पाणी किती आहे ते दाखवणारी काच असते, तिच्यावर लक्ष ठेवणं अटेंडंटचं काम. कारखान्याच्या फिर्यादीवरून निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल झाला आणि आरोपी म्हणून त्याचंच नाव आलं. सांगलीच्या दवाखान्यात जबाब घ्यायला गेलो तर त्याचा एकच धोशा, "आईशप्पत सांगतो सायेब, घंटा वाजलीच न्हाई."

त्या वर्षी बॉयलरला कॉम्प्युटर बसवला होता. पाणी उतरलं की घंटा वाजायची. पंचनाम्याच्या वेळी कारखान्याच्या लोकांनी बटण दाबून घंटा वाजवून दाखवली होती, ठणठणीत वाजत होती. आमच्या हवालदारानं पलंगाशेजारीच तोंड वाकडं केलं. आरोपी असंच बोलतात, हवालदाराचं तरी काय चुकलं?

गावात लोक अटेंडंटच्या बायकोच्या तोंडावर म्हणत, "भावाला खाल्लं यानं." मेलेल्याची आई, म्हणजे याची काकी, भिंतीला भिंत लावून राहायची. तिनं याच्या बायकोशी बोलणं टाकलं.

एका दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. आवाज तरुण होता. "बॉयलरचा प्रोग्राम कुणी बदलला, ते विचारा. आमचे सर मुद्दाम काही करणार नाहीत. पण विचारा." फोन बंद.

निनावी फोन करणारा बहुतेक वेळा कुणावर तरी डूख धरून असतो. हा बहाद्दर टीप देतोय आणि त्यातही सरांची बाजू सांभाळतोय! कारखान्यात तर सगळे 'सायेब' म्हणत. सर म्हणणारे असणार ते कॉम्प्युटर बसवणाऱ्या सांगलीच्या कंपनीतले. लगेच जीप काढली.

कंपनी कसली, दोन खोल्या, मालक म्हणजे ते सर आणि मोजके इंजिनिअर. त्यातला उंब्रजचा एक तरुण माझ्याकडं बघतच नव्हता. त्याला बाजूला घेतलं, चहा मागवला. कप त्यानं उचललाच नाही. म्हटलं, "फोन तूच केलास ना?" तो ढसाढसा रडायला लागला.

रडणं ओसरल्यावर बोलला. त्यानं एक तपासणीचा प्रोग्राम बनवला होता. कुणीही कामात बदल केला की तो बदल पुढं कुठं कुठं पोचतो, कशाला धक्का लावतो, हे तो प्रोग्राम शोधायचा. धोका असला की पडद्यावर लाल पट्टी यायची. पट्टी असेपर्यंत तो बदल कारखान्यात बसवायचा नाही, असा नियम.

"मग या वेळी पट्टी आली नाही?"

"सरांचं काम तपासलंच जात नाही, साहेब. मीच वगळलंय."

"त्यांनी सांगितलं?"

"नाही हो! एकदा त्यांच्या कामावर लाल पट्टी आली. सगळे हसले. पण सरांचं तोंड बघवेना. त्यांनीच मला शिकवलं, नोकरी दिली. मलाच कसंतरी झालं."

सर सज्जन माणूस. पाणी जरा हललं तरी घंटा वाजते, कामगार वैतागतात, म्हणून त्यांनी तिला थोडं थांबून वाजायला लावलं होतं. पण प्रोग्रामची मांडणी चुकली. पाणी झपाट्यानं उतरलं तरी घंटा गप्पच राहायची. आपलं काम वगळलंय, हे त्यांना माहीतच नव्हतं. माझ्यासमोर डोकं धरून बसले. "पट्टी आली नाही, म्हणजे बरोबर असणार असंच मी धरलं."

बॉयलर निरीक्षकांनी पाणी उतरवून चाचणी घेतली. घंटा वाजली नाही. अटेंडंटचं नाव आरोपींतून निघालं, सरांचं लागलं.

हे त्या काकीला सांगायला मी स्वतः गेलो. अटेंडंट घरी आला होता. हाताला पट्ट्या बांधलेल्या, माझ्या मागं येऊन उभा राहिला. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"घंटा न्हाई वाजली, खरं. पन डोळं हुतं न्हवं ह्याला? काच बघितली न्हाई?"

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला. "बघितली, काकी. रिकामी दिसली मला."

मी वळून पाहिलं. हे त्यानं जबाबात सांगितलं नव्हतं.

"कॉम्प्युटरवाल्या सायबांनी बजावलं हुतं, घंटा वाजल्याबिगर कशाला हात लावायचा न्हाई. मला वाटलं, काचच खोटं दावत आसंल. येवढं शिकल्यालं सायेब, त्ये कशे चुकतील?"

म्हातारीनं दार लावून घेतलं. तो तिथंच उभा राहिला.

त्याचा पुरवणी जबाब घेतला, पण पुढं कित्येक दिवस मला कुणाला शिव्या द्याव्यात ते कळेना. इंजिनिअरनं मान राखला, अटेंडंटनंही मानच राखला. कुणाच्या मनात पाप नव्हतं, आणि एका आईचा लेक हकनाक गेला. मोठ्या माणसाचं काम तपासणं हा आपल्याकडं उद्धटपणा ठरतो.

त्यानंतर दोषारोपपत्र कोर्टात पाठवण्याआधी मी ते हवालदारापुढं टाकायचो. "चूक काढ यातली," म्हणायचो. तो उभ्या उभ्या वाचायचा आणि सांगायचा, "एकदम बराबर हाय, सायेब." चुका पुढं कोर्टात निघायच्या. रिटायर होईपर्यंत माझ्या ठाण्यात एकानंही माझी चूक काढली नाही.