कमळाकाकीचा कुकारा

आमच्या कमळाकाकीचं उभं आयुष्य खाडीच्या तोंडाशी गेलं. ओहोटीला बायका कांदळवनात शिरतात आणि कोयतीने कालवं काढतात. आतून समुद्र दिसत नाही. म्हणून भरती लागली की तोंडाशी बसलेल्या काकीने कुकारा द्यायचा, म्हणजे लांबवर जाईल अशी हाक. आतलीने उलट कुकारा द्यायचा आणि बाहेर पळायचं.

त्या रविवारी आत तिची जाऊ गोदा होती. तेवढ्यात जीप आली. शांत किनारा हवा म्हणून आलेली ही माणसं, आणि उतरल्या उतरल्या त्यांनी भलामोठा स्पीकर लावला!

पाणी चढू लागलं. काकीने कुकारा दिला, पण तो तिचा तिलाच ऐकू येईना.

"बंद करा रे ते! माझी जाऊ आत हाय!"

ते हसले. एकाने आवाज आणखी वाढवला. काकीने कमरेची कोयती काढून स्पीकरवर घातली. त्याने तिच्या तोंडावर बाटली फोडली. तिने तीच कोयती त्याच्या मनगटात रुतवली.

घाबरून दुसऱ्याने गाणं बंद केलं. तो गुरासारखा ओरडत होता.

"गप मेल्या!" रक्ताळल्या तोंडाने काकी किंचाळली. "ऐकू दे मला!"

मग घसा फाटेपर्यंत ती कुकारे देत राहिली. आता किनारा त्यांना हवा होता तसाच शांत होता. कांदळवनात फक्त पाणी शिरत होतं.